बोडकीचा घट

विकतचं पीठ, विकतच्या शेवया, विकतची कोथिंबीर, एवढं सगळं कुशाबाईनं शिरूरला राहायला आल्यापासून कुरकुरत का होईना गळ्याखाली उतरवलं होतं. पण घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सून सुवर्णा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली काळी माती घेऊन आली, तेव्हा म्हातारीचं डोकं फिरलं.

"ही काय गं?"

"घटाची माती, आत्या. मार्केट यार्डाच्या तोंडाशी बायका घेऊन बसल्यात. सगळेच घेत्यात."

"सगळ्यांनी शेण खाल्लं म्हणून आपुन बी खायाचं? विकतच्या मातीत देवी बसवायची? उद्या देवी बी विकत मिळंल. आण मग दोन किलो!"

सुवर्णानं ती माती तुळशीच्या डब्यात ओतली. सासूला उत्तर दिलं की एकाची चार ऐकावी लागतात, हे ती लग्नाच्या पहिल्याच महिन्यात शिकली होती.

कुशाबाईचा नेमच होता तसा. घटाला माती लागायची ती भांडगावच्या शेतातली. नवरा गेल्यावर ते रान दीर कसत होता, पण दर वर्षी पुतण्या ज्वारीच्या वावरातली पाटीभर माती फडक्यात बांधून एसटीनं आणून द्यायचा. त्या मातीत घट असा यायचा, की दसऱ्याला टोपीत खोवलेलं धान कपाळावर लोंबायचं. घट जसा येईल तसं घराचं वर्ष जातं, यावर कुशाबाईचा जेवढा विश्वास होता तेवढा रेडिओच्या बातम्यांवरही नव्हता. यंदा मात्र पुतण्या कांद्याच्या लागणीत अडकला. भांडगावकडून चौफुल्यामार्गे येणारी गाडी आली आणि गेली, पुतण्या काही उतरला नाही.

आणि पडवीत, अगदी तिच्या नाकासमोर, पोत्यावर घमेलंभर माती पसरलेली होती.

ती ज्ञानदेवची माती होती. ज्ञानदेव हा कुशाबाईचा एकुलता एक मुलगा, वनखात्यात वनरक्षक. शिरूरबाहेरची एक टेकडी त्याच्या राखणीला होती. खात्याच्या नकाशात तिला नंबर होता. लोक तिला बोडकी म्हणायचे, आणि लोकांचं बरोबर होतं. सरकारदरबारी ते वन होतं, पण डोळ्यांना दिसायची कुसळं, चार खुरटे हिवर आणि शेरडांनी कुरतडून कुरतडून जमिनीसपाट केलेली काही नाव नसलेली झुडपं. त्या टकलावर खात्यानं लागोपाठ दोन वर्षं निलगिरी लावली, आणि दोन्ही वर्षी दिवाळीपर्यंत नुसत्या काटक्या उरल्या. ज्ञानदेव म्हणायचा, खाली मातीच नाही, मुरूम आणि चुनखडी आहे, रोप धरणार कशात? रेंजरसाहेब म्हणायचे, तू पाणी घातलं नाहीस, शेरडं हाकलली नाहीस. शेवटी पुण्याच्या मोठ्या साहेबांनी सांगितलं, भांडू नका, माती तपासा. माती वाईट निघाली तर दोष टेकडीचा. चांगली निघाली तर दोष वनरक्षकाचा, आणि वनरक्षकाची बदली गडचिरोलीला.

हे सगळं सुवर्णाला माहीत होतं. आईला ज्ञानदेवनं सांगितलं नव्हतं. आईला बीपी होतं, शिवाय तोंड होतं. संध्याकाळच्या आत गोष्ट आळीभर झाली असती. माती पसरताना तो आईला एवढंच म्हणाला, "आई, हिला हात लावू नको. या मातीवर माझी बदली ठरणार हाय."

अर्धवट सांगणं हा घरातल्या शहाण्या माणसांचा जुना रोग आहे. त्यानं आजवर जेवढी घरं बुडवली, तेवढी घोडनदीच्या पुरानंसुद्धा बुडवली नसतील.

नमुना मात्र ज्ञानदेवनं नियमानं घेतला होता. टेकडीवर पाच ठिकाणी खड्डे काढले. नियमात होतं, की आधी वरचा पालापाचोळा बाजूला सारावा. बोडकीवर पाचोळाच नव्हता. पण नियम तो नियम, म्हणून त्यानं तिथं पडलेली गुटख्याची रिकामी पुडी बाजूला सारली आणि मग कुदळ मारली. पाची खड्ड्यांची माती एकत्र करून सावलीत वाळवायची, ती वाळली की चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेल्याचे पुन्हा चार, असं करत करत शेवटी राहील ती किलो-अर्धा किलो माती कापडी पिशवीतून पुण्याला पाठवायची. आता ती वाळत पडली होती.

घरात कोणी नाहीसं बघून कुशाबाई पोत्याशी बसली. मूठभर माती उचलून नाकाशी नेली. वास नव्हता. भांडगावचं ढेकूळ फोडलं की कसा घमघमाट यायचा. ही नुसती कोरडी ठाक, मधे मधे पांढरे चुन्याचे खडे. पण रानातली होती. कुणी नांगरलेली नाही, कुणी विकलेली नाही, कुणाच्या पायाखालची नाही. देवीला अशी कोरी माती शिरूरच्या बाजारात पायलीभर पैसे टाकून मिळाली नसती.

"आई, तूच ठिवलीस गं माझ्यासाठी," असं देवीला म्हणून तिनं मूठभर सोडून ती सगळी माती घटाच्या पाटीत भरून टाकली.

आता कोणी म्हणेल, ही तर चोरी झाली. कुशाबाईला तसं वाटणं शक्यच नव्हतं, कारण परत भरून द्यायचं तिनं आधीच ठरवलं होतं. शेजारणीकडून वाटीभर पीठ उसनं आणलं, तर परत देताना वर शीग लावून द्यावं, नाहीतर घराची अब्रू जाते, ही तिच्या आईची शिकवण. इथं तर पोराच्या नोकरीचा प्रश्न होता. सरकारला दाखवायची माती, आणि ती अशी पांढरी फटक? साहेब काय म्हणतील, वनरक्षकाला आई न्हाई का?

क्वार्टरच्या भिंतीपलीकडं सिंधूबाईचा म्हशींचा गोठा होता. कुशाबाई भिंतीवरून डोकावली.

"सिंधू, तुझ्या उकिरड्याच्या बुडाची माती दे गं घमेलंभर. चांगली मुरल्याली बघून दे."

"घटाला व्हय, आक्का? म्या बी तीच घेतली."

"शी! घटाला उकिरड्यातली? ज्ञानूच्या हापिसाला पायजे. नमुना हाय."

सिंधूबाईनं कुदळ घेतली आणि खालची माती काढून दिली. वर्षानुवर्षांचं शेण, मूत, कडब्याची वैरण, चुलीची राख, सगळं जिरून ती अशी काळीभोर झाली होती, की मुठीत दाबली तर लाडू वळावा. कुशाबाईनं ती पिठाच्या चाळणीनं चाळली. चाळणी नंतर धुतली, पण सुवर्णाला हे आजतागायत माहीत नाही. मग माती पोत्यावर पसरली, आणि पोह्यांवर खोबरं भुरभुरावं तशी बोडकीची राहिलेली मूठभर माती वरून भुरभुरली.

संध्याकाळी ज्ञानदेव आला. नेमकी त्याला सर्दी झालेली, नाक चोंदलेलं. नाहीतर ही गोष्ट इथंच संपली असती. तो मातीचे चार भाग करायला बसला आणि थबकला.

"आई, ही काळी पडल्यागत वाटती का?"

"सावलीत वाळली न्हवं! उनात वाळली आसती तर गोरी ऱ्हायली आसती," कुशाबाई ठसक्यात म्हणाली.

ज्ञानदेवला त्यात काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण आईशी वाद घालण्याइतका त्याचा घसा बरा नव्हता. त्यानं पिशवी शिवली, आत चिठ्ठी टाकली, आणि दुसऱ्या दिवशी घट बसायच्या मुहूर्तावर सिंधूबाईचा उकिरडा पुण्याला रवाना झाला.

इकडं घट बसला. मातीत गहू, ज्वारी, हरभरा, करडई असं धान पेरलं, मधे पाण्यानं भरलेला मातीचा घट, वर विड्याची पानं आणि नारळ, शेजारी अखंड दिवा. पहिली माळ झेंडूची चढली. कुशाबाईनं हात जोडून सांगितलं, "ज्ञानूला हितंच ठिव."

तिसऱ्या माळेला सिंधूबाईच्या घटातून हिरवे कोंब वर आले. कुशाबाईच्या घटात पाणी घातलं की ते सरळ खाली जाऊन पाटीच्या बुडातून निथळायचं. पाचव्या माळेला कोंब दिसले. पिवळे, बारीक, आजाऱ्यानं अंथरुणातून मान वर काढावी तसे. करडई तर आलीच नाही. सातव्या माळेला सिंधूबाईचा घट वीतभर, आणि इकडं दोन बोटं.

सिंधूबाई हळदीकुंकवाला आली आणि घटाकडं बघत राहिली. "आक्का, बी किडकं व्हतं का वो?"

"बी चांगलं हाय. देवी निवांत हाय जरा," कुशाबाई म्हणाली. सिंधूबाई गेल्यावर तिनं सुवर्णाला आधी पाणी जास्त घातलं म्हणून, मग कमी घातलं म्हणून, मग दिव्याची वात मोठी ठेवली म्हणून फैलावर घेतलं. आठव्या माळेला ती कुणालाच काही बोलली नाही, आणि त्यानं सुवर्णा जास्त घाबरली.

दसऱ्याला घट उठला. ज्ञानदेवच्या टोपीत कुशाबाईनं धान खोवलं, ते टोपीचा दोरा उसवल्यासारखं दिसत होतं. त्यानं वाकून नमस्कार केला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पोराला वाटलं, सणाचं असेल. सणाचं नव्हतं. देवीनं स्पष्ट नाही म्हटलं होतं. पोराची बदली होणार, सून-मुलगा कुठंतरी लांब जाणार, आणि आपण गाठोडं उचलून भांडगावला, जावेच्या हाताखाली. जाऊ वाईट नव्हती. पण तिच्या चुलीपुढं बसून "अजून एक भाकरी घेऊ का" असं विचारायचे दिवस येणार, या विचारानंच कुशाबाईनं पुरणपोळीचं ताट बाजूला सारलं.

घटाची माती पायदळी पडू द्यायची नसते, ती शेतात नेऊन टाकायची असते. शेत भांडगावला. पण असला घट आलेली माती जावेसमोर घेऊन जायची कोणत्या तोंडानं? कुशाबाईनं ती पाटी मागच्या अंगणात न्हाणीच्या कडेला सरकवून ठेवली. येता-जाता हातपाय धुताना तिच्यावर पाणी उडायचं. कुशाबाई तिकडं बघायची टाळायची.

दिवाळीच्या तोंडावर ज्ञानदेव दुपारीच घरी आला आणि पडवीत मटकन बसला.

"काय रं?"

"मातीचा रिपोर्ट आला."

"मग?"

"लई चांगली निघाली, आई. सेंद्रिय कर्ब भरपूर, स्फुरद, पालाश, सगळं भरपूर. लॅबवाल्यानं लिव्हलंय, अशी माती कोकणाच्या देवरायांत सुदीक बघितली न्हाई."

"म्या म्हनत व्हते!" कुशाबाई उडालीच. देवीचा राग, पिवळं धान, सगळं क्षणात विसरली. आत जाऊन मूठभर साखर घेऊन आली. "आ कर. कोकणात बी न्हाई म्हन! आता कोण करतंय तुझी बदली!"

ज्ञानदेवनं तोंड उघडलं नाही. मग त्यानं जे सांगायला पाहिजे होतं ते, महिनाभर उशिरा, सगळं सांगितलं. माती वाईट निघायला हवी होती. चांगली निघाली म्हणजे रोपं त्यानं मारली, असा अर्थ झाला. आणि मोठे साहेब तर वेडेच झाले होते म्हणे. अशी माती म्हणजे बोडकीखाली पुराण्या जंगलाची माती शिल्लक आहे, असं त्यांचं म्हणणं. शेजारी इनामगावला हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांची वस्ती सापडली, त्या लोकांनी लाकूडफाटा कुठून आणला असेल? बोडकीवरूनच! दिवाळी झाली की साहेब स्वतः येणार होते.

साखर कुशाबाईच्या मुठीतच राहिली. घामानं तिचा पाक होऊन कोपरापर्यंत आला तरी तिला कळलं नाही.

सांगून टाकावं असं तिला त्या दिवशी वाटलं. करंज्या तळताना वाटलं. भाऊबीजेला तर "ज्ञानू, एक गोष्ट" इथपर्यंत आली, आणि पोराचा उतरलेला चेहरा बघून पुढं म्हणाली, "चकल्या खा रं." आयुष्यात ती कधी गप्प बसली नव्हती, त्यामुळे गप्प बसणं तिला जमतही नव्हतं, तो सगळा जोर चकलीच्या पिठावर निघाला. यंदाच्या चकल्या सगळ्यांना कडक लागल्या.

साहेब येणार त्या सकाळी ज्ञानदेव म्हणाला, "दुपारची भाकरी हाटेलातनं मागवतो." कुशाबाई म्हणाली, "काही नको. म्या घिऊन येते." तिनं पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा, लिंबं अशी एक पाटी सुवर्णाच्या डोक्यावर दिली. दुसरी फडक्यानं झाकलेली पाटी तिनं स्वतःच्या डोक्यावर घेतली.

"ह्यात काय हाय, आत्या?"

"माझी अक्कल," कुशाबाई म्हणाली.

दोघी बोडकीवर पोचल्या तेव्हा वर तमाशाच चालू होता. मोठे साहेब म्हणजे हाडकुळे, डोक्यावर गोल टोपी, गळ्यात दोरीला भिंग बांधलेलं. त्यांनी हौसेनं स्वतःच कुदळ घेतली होती. पहिला घाव घातला तो ठण्ण वाजला आणि साहेबांचे दात एकमेकांवर आपटले. दुसऱ्या ठिकाणी घातला, ठिणगी उडाली. तिसऱ्या ठिकाणी कुदळीचा दांडा मोडला. मागं आठ-दहा माणसं जमली होती. सरकार माती उकरतंय म्हणजे इनामगावसारखं खाली काहीतरी सापडणार, या आशेवर एकजण तर घरून पोतं घेऊन आला होता.

साहेबांनी मुरमाचा तुकडा उचलून भिंगातून पाहिला, मग रिपोर्ट पाहिला, मग ज्ञानदेवकडं पाहिलं.

"नमुना कुठून घेतलास?"

"इथनंच, साहेब. पाच खड्डे..."

"या टेकडीवरून?" साहेबांचा आवाज चढला. "ही माती आहे? हिच्यात कर्ब आहे? तू टेकडी चढलाच नाहीस. घरामागची माती भरलीस आणि पाठवून दिलीस!"

"सर, मी आधीपासून म्हणत होतो," रेंजरसाहेब म्हणाले. नमुन्याबद्दल ते आधीपासून काही म्हणत नव्हते, पण अशा वेळी म्हणायची पद्धत आहे.

"बदली राहू दे," साहेब म्हणाले. "हे खोटा नमुना पाठवणं आहे. हे निलंबनाचं काम आहे."

ज्ञानदेव पांढरा पडला. आणि कुशाबाईनं डोक्यावरची पाटी साहेबांच्या पायाशी दाणकन ठेवली.

"घरामागचीच माती व्हती, साहेब. पर त्यानं न्हाई, म्या भरली."

साहेब तिच्याकडं वळले.

"आपण कोण?"

"म्या ह्याची आई. ह्यानं पाची खड्ड्यांची माती इमानदारीनं आणली व्हती. म्या ती घटाला घेतली, आन् तुमास्नी सिंधूबाईच्या उकिरड्याची दिली. चांगली चाळून दिली."

"उकिरड्याची?" साहेबांनी रिपोर्ट नाकापासून जरा लांब धरला. "का पण?"

"आवो, सरकारच्या घरी माती जाणार! असली भिकारडी कशी धाडायची? तुमच्या आईनं धाडली आसती का?"

साहेबांची आई साताऱ्याकडची होती. तिनंही धाडली नसती.

"आई, काय क्येलंस हे," ज्ञानदेव पुटपुटला. सुवर्णा भाकरीची पाटी डोक्यावर तशीच घेऊन उभी होती. सासूची चूक भर माणसांत निघाली म्हणून तिला आनंद व्हायला हवा होता, असं तिलाच वाटलं, पण ती एक पाऊल सरकून सासूच्या शेजारी उभी राहिली.

"मग खरी माती कुठाय?" रेंजरसाहेबांनी विचारलं. "आता ही बाई काहीही सांगेल, सर. मुलाला वाचवायला."

कुशाबाईनं फडकं ओढलं. "ही बघा. घटाची माती टाकायची नसती, म्हणून ठिवली. देवाशपथ ही बोडकीचीच हाय."

साहेब उकिडवे बसले. मूठभर माती हातावर घेऊन भिंग लावलं. "आम्लाची बाटली आणा रे जीपमधून!" पण जीप टेकडीखाली होती आणि साहेबांना धीर नव्हता. त्यांची नजर भाकरीच्या पाटीवर गेली. सुवर्णाला पाटी उतरवायला लावून त्यांनी लिंबू उचललं, चाकूनं कापलं आणि अर्धं कुदळीनं उकरलेल्या चुन्याच्या खड्यावर पिळलं. खडा बारीक फसफसला. उरलेलं अर्धं त्यांनी घटाच्या मातीतल्या खड्यावर पिळलं. तोही तसाच फसफसला. लोक पुढं सरकले. पोतंवाला म्हणाला, "काय निघालं?"

"चुना निघाला," साहेब म्हणाले. "दोन्हीकडं तोच चुना, तोच मुरूम. तीच माती आहे ही." मग त्यांनी पाटीतले वाळके, बोटभर कोंब बघितले. "आणि हे काय पेरलं होतं?"

"गहू, जोंधळा, हरभरा, करडई. नऊ दिस पाणी घातलं, दिवा लावला, हात जोडलं. एवढंच आलं." इथं कुशाबाईचा आवाज फाटला. "मला वाटलं देवी कोपली."

साहेबांनी त्या पिवळ्या काड्या बोटानं हलवून बघितल्या. मग हसायला लागले. आधी बारीक, मग टोपी पडेपर्यंत.

"आजी, देवी कोपली नाही. देवीनं रिपोर्ट दिलाय! आमच्या लॅबला महिना लागला आणि तोही चुकीचा आला. हिनं नऊ दिवसांत सांगितलं, या मातीत काही येत नाही म्हणून." ते रेंजरसाहेबांकडं वळले. "जिच्यात देवीचा गहू येत नाही, तिच्यात आपली निलगिरी काय येणार? या पोराचा काय दोष?"

रेंजरसाहेब म्हणाले, "मी आधीपासून म्हणत होतो, सर."

ज्ञानदेव खाली बसला. कुशाबाईला मात्र एक गोष्ट कळेना.

"पर साहेब, रानाची माती तर चांगली आसती म्हनत्यात."

"रान असलं तर," साहेब म्हणाले. "पानं गळतात, कुजतात, किडे खातात, बुरशी धरते, तेव्हा कुठं वरचा काळा थर होतो. बोटभर माती व्हायला पिढ्या जातात. जंगलाची माती जंगलच तयार करतं, आजी. इथं जंगलच नाही."

"म्हंजी माती न्हाई म्हणून झाड न्हाई, आन् झाड न्हाई म्हणून माती न्हाई. मग सुरवात कुणी करायची?"

साहेबांनी भिंग डोळ्याला लावलं. बहुतेक उत्तर शोधायला. आणि त्यांना ते दिसलं. पाटीच्या कडेला, वाळक्या गव्हाच्या मागं, दोन इवलीशी रोपं उभी होती. गव्हासारखी पिवळी नव्हती, चांगली हिरवीगार, आणि प्रत्येकाला मधोमध चिरलेलं एक जुळं पान.

"हे कुणी पेरलं?"

"म्या न्हाई बा," कुशाबाई म्हणाली. मग तीही वाकली. ते पान ओळखायला तिला भिंग लागत नव्हतं. जन्मभर दसऱ्याला सोनं म्हणून तेच वाटलं होतं. "अगं बया. आपटा!"

साहेब उठून टेकडीवर फिरायला लागले. शेरडांनी कुरतडून बसकी केलेली ती नाव नसलेली झुडपं त्यांनी एकेक भिंगातून पाहिली. तिसऱ्याच झुडपाला त्यांना तेच चिरलेलं पान सापडलं, आणि खाली मुरमात एक फुटकी शेंग.

"बी इथंच पडलंय," ते म्हणाले. "याच मातीत. आपण दोन वर्षं बाहेरची झाडं आणून मारतोय, आणि टेकडीचं स्वतःचं झाड शेरडांना चारतोय." मग ते ज्ञानदेवला म्हणाले, "काही लावू नकोस. फक्त राखण कर. शेरडू दिसलं की हाकल, आणि पडलेलं पान उचलू देऊ नकोस. चार-पाच वर्षं तरी लागतील, तोवर बदली मागू नकोस. मिळणार नाही."

ज्ञानदेवनं बदली आयुष्यात कधी मागितली नव्हती, पण तो "बरं साहेब" म्हणाला.

"नवा नमुना मात्र पाठवावा लागेल," रेंजरसाहेब म्हणाले. "फायलीत देवीचा रिपोर्ट लावता येत नाही."

"मी स्वतः घेऊन जाणार," साहेब म्हणाले. "आणि वाटेत कुणाच्याही घरी थांबणार नाही."

मग सगळे जेवले. एक लिंबू कमी पडलं. निघताना साहेब कुशाबाईजवळ आले, इकडं-तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "आजी, ती दुसरी माती. उकिरड्याची. एखादं पोतं मिळेल का? आमच्या बंगल्यात गुलाब आहेत, काही केल्या फुलत नाहीत."

सिंधूबाईचे पाय त्यानंतर जमिनीला लागले नाहीत. पुढच्या नवरात्रात ती मार्केट यार्डाच्या तोंडाशी उकिरड्याची माती घेऊन बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना सांगू लागली, की ही पुण्याच्या लॅबनं पास केलेली माती आहे, कोकणात सुदीक मिळायची नाही. दुपारपर्यंत तिची माती संपली.

त्या वर्षी पुतण्याही भांडगावहून वेळेवर आला. काळ्या मातीचं गाठोडं दारात ठेवून म्हणाला, "काकी, घटाची माती."

"तुळशीला घाल," कुशाबाई म्हणाली. तिनं ज्ञानदेवला आधीच बोडकीवर पिटाळलं होतं, पाटी देऊन.

घट बसला. कुशाबाई रोज सकाळी माळ चढवायच्या आधी धसक्यानं मातीकडं बघायची. पाचव्या माळेला कोंब दिसले. पिवळे, बारीक, मरगळलेले. भिंतीपलीकडं सिंधूबाईचा घट वीतभर झाला होता. सातव्या माळेला सुवर्णा घाबरत घाबरत म्हणाली, "आत्या, यंदा बी दोनच बोटं आलंय वो."

कुशाबाईनं वाकून नीट बघितलं. खरंच दोन बोटं. तिसऱ्या बोटाचा पत्ता नव्हता.

तिनं पदर खांद्यावरून घेतला, देवीपुढं डोकं टेकलं आणि उठता उठता सुवर्णाला म्हणाली, "साखर आण गं मूठभर. पोरगं अजून एक वरीस हितंच हाय."